विंग फॉइल: टॅक घेताना नाक वाऱ्यात गेलं की बोर्ड खाली बसतो, काय करावं?

निवांतवारा:

नमस्कार मंडळी, इथे कुणी विंग फॉइलवर (हातात धरायचं फुगवलेलं शीड म्हणजे विंग, आणि बोर्डाला पाण्यावर उचलून धरणारा पाण्याखालचा पंख म्हणजे फॉइल) टॅक, म्हणजे नाक वाऱ्यातून नेऊन घ्यायचं वळण, नीट शिकलंय का, तेही बोर्ड पाण्याला न टेकवता, पूर्ण फॉइलवर राहून? माझं जाइब (शेपूट वाऱ्यातून नेऊन घ्यायचं वळण) दोन्ही बाजूंनी जमतंय, टोसाइडनेही (वारा बोटांच्या बाजूने) बरंच अंतर आरामात जाता येतं, वाऱ्याविरुद्ध वर चढायलाही अडचण नाही, पण टॅक म्हटलं की ठरलेल्या जागी घोडं अडतं.

होतं असं की हीलसाइडने (वारा टाचांच्या बाजूने) चांगल्या वेगात येतो, टाचांवर जोर देऊन नाक वाऱ्याकडे वळवायला लागतो, त्याच वेळी विंग डोक्यावर नेतो, आणि नाक जवळपास सरळ वाऱ्यात आलं की वेग एकदम मरतो, फॉइल उचलणं सोडून देतं, बोर्ड धप्पकन पाण्यावर बसतो आणि मी पाठीवर मागे पडतो. कधी कसाबसा पलीकडे पोचलोच तर विंग वरून खाली आदळते आणि तिथेच संपतं.

वजन ७८ किलो, बोर्ड ९५ लिटर, पुढचं फॉइल १५०० चौरस सेंटीमीटर मिड आस्पेक्ट (फार लांब-अरुंद नाही, फार आखूडही नाही), मास्ट (बोर्ड आणि फॉइल जोडणारा खांब) ८० सेंटीमीटर, विंग ५ चौरस मीटर, वारा साधारण १५ ते १८ नॉट. पाय अडकवायचे स्ट्रॅप नाहीत.

प्रश्न असे की आधी हील टू टो (हीलसाइडने शिरून टोसाइडवर निघायचं) शिकावं की उलट, टो टू हील? हात नेमके कधी बदलायचे, वाऱ्याच्या आधी की नंतर? पाय वळणातच बदलायचे का? आणि मोठं फॉइल घेतलं तर सोपं जाईल का? व्हिडिओ भरपूर बघितले पण त्यात सगळं इतकं सहज होतं की नक्की कुठल्या क्षणी काय केलं तेच कळत नाही.


फॉइलवाली:

निवांतवारा, हात, पाय, फॉइल हे सगळं नंतर बघू. आधी टॅकमध्ये विंगचं काय होतं ते पक्कं डोक्यात बसायला हवं, कारण आपण बहुतेक सगळे जाइब आधी शिकतो आणि जाइबच्या सवयी घेऊन टॅकला जातो, आणि इथे त्या उलट्या पडतात.

जाइबमध्ये तुम्ही वाऱ्याबरोबर पळत असता. समजा वारा १५ नॉट आणि तुम्ही १२ नॉटने सरळ वाऱ्याच्याच दिशेने चाललाय, तर अंगाला लागणारा वारा उरला फक्त ३ नॉट. म्हणून जाइबच्या मधोमध विंगमध्ये काही जीवच नसतो, हात निवांत बदलता येतात, थोडी इकडेतिकडे झाली तरी ती तुम्हाला पाडत नाही. टॅकमध्ये तोच १५ नॉटचा वारा समोरून येतोय, तुमचा वेग वळता वळता समजा ८ नॉटवर आलाय, तर दोन्हींची बेरीज होते, २३ नॉट. आणि वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे नुसतं उभं राहून १५ नॉटमध्ये विंगला जेवढा जोर लागतो त्याच्या दुपटीपेक्षा जास्त जोर वळणाच्या ऐन मध्यावर लागतो. जाइबमध्ये मध्यावर विंग सर्वात हलकी, टॅकमध्ये मध्यावर सर्वात जड. हा फरक एकदा कळला की बाकीच्या सूचना आपोआप पटायला लागतात.

आता हा जोर कुठे जाणार ते लीडिंग एजवर, म्हणजे विंगच्या पुढच्या फुगवलेल्या कडेवर, ठरतं. विंग डोक्यावर जवळपास आडवी असेल आणि लीडिंग एज किंचितच वर असेल तर तो जोर वर जातो, विंग तुमचं थोडं वजन उचलते, फॉइलवरचा भार कमी होतो आणि कमी वेगातही फॉइल तग धरून राहतं. लीडिंग एज जास्त वर झाली तर तोच जोर मागे जातो, विंग तुम्हाला शेपटाकडे ढकलते, मागच्या पायावर वजन येतं, नाक वर, वेग गेला, बोर्ड बसला. आणि लीडिंग एज खाली झुकली तर वारा कापडाच्या वरच्या अंगाला लागतो आणि विंग डोक्यात येते. समोरून जोराचा वारा असताना छत्री धरताना आपण जे करतो तेच आहे, थोडी मागे कलली तर ती आपल्याला मागे ओढते, जास्त पुढे कलली तर दाबते, मधल्या त्या एका कोनात ती शांत राहते. तुम्ही लिहिलेल्या दोन्ही गोष्टी, पाठीवर पडणं आणि विंग आदळणं, या एकाच कोनाच्या दोन बाजू आहेत असं मला वाटतं.

दुसरं, तुम्ही लिहिलंय की नाक वळवायला लागता "त्याच वेळी" विंग डोक्यावर नेता. हे फार लवकर होतंय. वाऱ्याविरुद्ध आपण साधारण ४५ ते ५० अंशांपर्यंत विंगच्या जोरावर चालू शकतो, त्याच्या पुढे विंग पुढे ओढणं बंद करते. म्हणजे एका बाजूच्या ४५-५० पासून दुसऱ्या बाजूच्या ४५-५० पर्यंत, एकूण ९० ते १०० अंश, तुम्ही फक्त साठवलेल्या वेगावर जाता. ८ नॉट म्हणजे सेकंदाला ४ मीटरच्या आसपास. हे सगळं वळण दोन-तीन सेकंदांत उरकायला हवं, त्यापेक्षा जास्त लागलं तर वेग पुरणार नाही. आणि विंग आधीच डोक्यावर नेऊन रिकामी केली तर तुम्ही हे वेगाशिवायचं अंतर स्वतःहून वाढवता. म्हणून नाक वर चढत असताना मागचा हात ओढलेलाच ठेवा, विंग भरलेली, खेचतेय, अगदी जिथपर्यंत ती खेचू शकते तिथपर्यंत. मग वर.

वळणाचा आकारही तसाच, सुरुवातीला मोठा आणि सैल, शेवटी घट्ट. आधी जरासं वाऱ्यापासून खाली उतरून वेग घ्या, मग हळूहळू चढा, आणि विंग डोक्यावर जायला लागली की टाचांवर बेधडक जोर. अर्धवट मनाने वळलात तर बोर्ड वाऱ्याच्या तोंडावर जाऊन थांबतो. सुरुवातीलाच जोरात वळलात तर बोर्ड इतका कलतो की फॉइलचं एक टोक पाण्याबाहेर येतं, हवा खातं आणि सुटतं.

अजून एक, विंगने वजन उचललं की पाय हलके होतात आणि त्याच क्षणी बोर्ड वर चढायला बघतो. पुढच्या पायाच्या अंगठ्याखाली हे नीट जाणवतं, तिथला दाब एकदम कमी होतो. तेवढ्यात पुढचा गुडघा थोडा पुढे घालून दाब परत आणायचा. हे केलं नाही तर फॉइल वर येऊन सुटतं आणि आपल्याला वाटतं वेग कमी पडला.

नजर पुढच्या खांद्यावरून, जिकडे जायचंय तिकडे. विंगकडे बघत वळलात तर डोकं मागे जातं आणि डोक्यामागे सगळं अंग.


पाणकावळा:

फॉइलवालीताईंनी वाऱ्याचं गणित छान सांगितलंय, त्यावर काही म्हणायचं नाही, पण क्रमाबद्दल माझं मत वेगळं आहे. टो टू हील आधी शिका.

का ते सांगतो. हील टू टो मध्ये तुम्ही पाठीच्या दिशेने वळता, अर्धा वेळ जिकडे जायचंय ते दिसतच नाही, आणि एवढं सगळं जमलं तरी शेवटी उतरता टोसाइडवर, अंगाला पीळ पडलेला, वेग मेलेला, आणि त्या अवस्थेत विंग परत भरायची. टो टू हील मध्ये छाती पहिल्यापासून वाऱ्याकडे असते, विंग डोळ्यासमोरून वर जाते, नाक कुठे आहे, वारा कुठे आहे, सगळं दिसतं, आणि पलीकडे पोचलात की आपोआप हीलसाइडवर, म्हणजे घरच्या जागी. वेग अगदी संपत आला असला तरी हीलसाइडवर एक-दोन पंप मारून (विंगला झटके देऊन) सावरता येतं, टोसाइडवर ते जमायला वेगळी मेहनत लागते.

अट एकच, टोसाइडने वाऱ्याविरुद्ध नीट चढता आलं पाहिजे. नुसतं आडवं जाता येतं याला अर्थ नाही. बरेच जण टोसाइडने जातात पण कंबर मागे, मागचा हात सैल, आणि हळूहळू खाली वाहत जातात. तिथून टॅक होत नाही. कंबर बोर्डाच्या मधोमध आणून, पुढचा खांदा पुढे नेऊन, बोटांवर दाब ठेवून वर चढायचा सराव करा. ते जमलं की टॅक म्हणजे तेच चढणं पुढे चालू ठेवायचं, मध्ये थांबायचं नाही, बस.

पायांचं: वळणात बदलू नका. दोन्ही प्रकारांत पाय जिथे आहेत तिथेच राहतात. हीलसाइडने येत असाल तर आधी सरळ जाताना पाय बदलून टोसाइडवर या, स्थिर व्हा, मग टॅक.


निवांतवारा:

फॉइलवालीताई, पाणकावळा, दोघांचेही मनापासून आभार, एवढं सविस्तर कुठेच वाचायला मिळालं नव्हतं. मित्राने काठावरून काढलेला एक व्हिडिओ हे वाचल्यावर परत बघितला, हळू करून. विंग खरंच फार लवकर वर जातेय, नाक अजून वाऱ्यापासून बरंच लांब आहे तेव्हाच मागचा हात सरळ झालेला दिसतो. आणि लीडिंग एज इतकी वर आहे की समोरून विंगचं पूर्ण पोट दिसतंय.

टो टू हील चा मुद्दा पटतोय, कारण टोसाइडने मला वर चढता येतं. पण हातांचं अजून कळलं नाही. बदलायचे कधी, आणि नेमके कसे? दोन्ही हातांनी पकडून ठेवलं तर हात एकमेकांत अडकतात, एक सोडला तर विंग फडफडते आणि मला भीती वाटते की ती जाईल.


फॉइलवाली:

हातांचं सविस्तर सांगते, कारण हेच कुठे नीट लिहिलेलं नसतं.

समजा तुमचा डावा पाय पुढे आहे आणि टोसाइडने चाललाय, म्हणजे वारा उजवीकडून, पुढच्या हँडलवर उजवा हात, मागच्यावर डावा. पलीकडे गेल्यावर पुढे डावा हवा, मागे उजवा. म्हणजे पुढच्या हँडलवर अदलाबदल होणार. विंग वर गेली, लीडिंग एज वाऱ्याकडे, मग मागचा डावा हात सोडायचा आणि सरळ पुढच्या हँडलवर उजव्याच्या शेजारी आणायचा. एक क्षण दोन्ही हात पुढच्या हँडलवर. मग उजवा सुटतो आणि मागचं हँडल शोधतो. क्रम असाच, मागचा आधी पुढे येतो, त्यानंतरच पुढचा मागे जातो. आधी पुढचा सोडलात तर विंग मागच्या हँडलवर लटकते, लीडिंग एज भरकटते आणि मग काहीच हातात राहत नाही.

फडफडण्याची भीती बाळगू नका. फक्त पुढच्या हँडलवर धरलेली विंग स्वतःच वाऱ्याच्या रेषेत जाऊन तरंगते, तेच तिचं काम आहे. मागचं कापड थोडं फडफडेल, तो आवाज ऐकून घाबरून मूठ आवळू नका आणि हात खाली ओढू नका. हात डोक्याच्या थोडा पुढे आणि उंच, कोपर किंचित वाकलेलं. हात खाली आला की विंगचं टोक पाण्याला लागतं, ५ मीटरच्या विंगला खाली फार जागा नसते.

कधी, तर नाक वाऱ्याच्या तोंडावर पोचायच्या जरा आधी सुरू करायचं आणि नाक पलीकडे सरकेपर्यंत नवा मागचा हात हँडलवर पोचलेला असायला हवा. हात बदलताना विंग वजन उचलत नाही, सगळा भार फॉइलवर परत येतो आणि बोर्ड खाली जायला लागतो. म्हणून ही अदलाबदल पटकन व्हायला हवी, आणि म्हणूनच वळणात शिरताना बोर्ड पाण्यापासून बऱ्यापैकी वर असायला हवा, मास्ट अर्ध्याहून जास्त बाहेर. थोडी उंची हातात असेल तर ती खर्च करता येते. पाण्याला चिकटून टॅकमध्ये गेलात तर बदलताना बोर्ड टेकणारच.

काठावर आधी करून बघा, फॉइल-बोर्ड बाजूला ठेवून फक्त विंग घेऊन. १०-१२ नॉटचा स्थिर वारा, मोकळी जागा. वाळूत वाऱ्याच्या दिशेने पायाने एक रेघ ओढा, रेघेच्या एका बाजूने तिरकं चालत या, रेघ ओलांडताना हात बदला, पलीकडे तिरकं निघून जा. चालताना थांबायचं नाही. डोळे विंगवर न नेता हँडल सापडेपर्यंत हे करत राहा. हँडल न बघता सापडायला लागलं की पाण्यावर निम्मी धांदल कमी होते. बूम (हँडलऐवजी एकच लांब दांडी) असलेली विंग असेल तर हात सरकवता येतात आणि हे सगळं आणखी सोपं जातं, पण हँडलवरही उत्तम जमतं.


शिडवाला:

मी डिंगीवर वाढलेला माणूस, विंग नंतर हातात आली. शिडाच्या होडीत टॅक पहिल्या दिवशी शिकवतात आणि जाइबला जपून करा म्हणतात, विंग फॉइलमध्ये लोक जाइब आधी शिकतात. कारण सरळ आहे, होडी वाऱ्याच्या तोंडावर थांबली तरी तरंगत राहते, फॉइल थांबलं की खाली. त्यामुळे माझा आग्रह असा की होडीसारखंच, आधी बोर्ड पाण्यावर ठेवूनच टॅक शिका. तुमचं वजन ७८ आणि बोर्ड ९५ लिटर म्हणजे उभं राहून पाण्यावर सावकाश चालता येईल, डगमगेल पण बुडणार नाही. एखादा मित्र १२० लिटरचा बोर्ड तासभर देत असेल तर आणखी चांगलं. फॉइलवर न चढता, पाण्यावरूनच वाऱ्याविरुद्ध चढा, वळा, हात बदला, पलीकडे निघा. वेगाची घाई नसते त्यामुळे नाक वाऱ्यातून जाताना विंग कशी वागते ते शांतपणे बघता येतं.

मधली पायरी पण आहे. फॉइलवरून वळणात शिरा, मध्यावर बोर्ड पाण्याला टेकला तर टेकू द्या, पण वळण सोडू नका, उभे राहा, पूर्ण करा, पलीकडे विंग भरा आणि परत फॉइलवर चढा. पडणं आणि टेकणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. टेकून पूर्ण केलेला टॅक हा टॅकच आहे, आणि तो करता करता एक दिवस टेकायचं बंद होतं.

लाटांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. वाऱ्याने उठणाऱ्या लाटा बहुतेक वेळा वाऱ्याच्याच बाजूने येतात, म्हणजे टॅकच्या मध्यावर तुमचं तोंड थेट लाटेकडे. लाटेचा चढ समोर आला की फॉइल वर ढकललं जातं, ती मागे गेली की एकदम खाली. दोन लाटांच्या मधला सपाट तुकडा आधीच हेरून ठेवा आणि हात बदलणं त्या तुकड्यात येईल असं वळण सुरू करा. खळबळीच्या पाण्यात शिकणं अवघड करून घेऊ नका, काठाच्या आडोशाला सपाट पाणी पण स्थिर वारा मिळत असेल तर तिथे जा. झुळकांचा वारा नको, मध्यावर वारा पडला तर कितीही बरोबर केलं तरी बोर्ड बसणार.

आणि हे सर्वात महत्त्वाचं. वळायच्या आधी वाऱ्याच्या बाजूला आणि मागे वळून बघा. तुमच्या मागून थोडं वरून कुणी येत असेल तर तुम्ही थेट त्याच्या वाटेत वळताय, आणि हील टू टो मध्ये तो दिसणारही नाही. शर्यतीच्या नियमांतही हेच आहे, नाक वाऱ्यातून गेल्यापासून परत नीट चालू लागेपर्यंत इतरांपासून दूर राहायची जबाबदारी टॅक करणाऱ्याची. शर्यत नसली तरी हा नियम पाळा. मास्टखाली धारदार फॉइल आहे, धडक म्हणजे नुसता धक्का नसतो. हेल्मेट आणि इम्पॅक्ट व्हेस्ट घालूनच सराव करा, टॅकमध्ये माणूस मागे पडतो आणि बोर्ड पायाखालून पुढे निघतो किंवा उलटतो. पडताना आडवे पडा, अंग पसरून, फॉइलपासून लांब, आणि कमरेच्या वर पाणी असेल तिथेच करा.


पाणकावळा:

शिडवाल्यांचं टेकून पूर्ण करण्याचं शंभर टक्के बरोबर.

फॉइलचा प्रश्न राहिलाय. १५०० मिड आस्पेक्ट ७८ किलोला टॅक शिकायला पुरेसं आहे, बदलू नका. मोठं फॉइल कमी वेगात तग धरतं हे खरं, पण वळायला आळशी होतं, आणि विंगने वजन उचललं की जास्तच वर उसळतं. हाय आस्पेक्ट घेतलं तर वेग छान टिकतो, घसरत लांबपर्यंत जातं, पण पंखांचा पसारा लांब असल्यामुळे कलल्यावर टोक लवकर पाण्याबाहेर येतं आणि सुटताना अचानक सुटतं. टॅक पक्का झाल्यावर त्याची मजा आहे. आत्ता तुमच्याकडे जे आहे त्याच्यावरच करा.

विंगचा आकार मात्र बघा. १८ नॉटला ५ मीटर तुमच्या वजनाला जरा जास्तच आहे. ताईंनी २३ नॉटचं गणित दिलंय ना, ते १८ ला २६ होतं. तेवढ्या वाऱ्यात मोठी विंग डोक्यावर शांत ठेवणं कष्टाचं. १५ ला ५, १८ च्या पुढे ४ किंवा साडेचार असेल तर ती घ्या. फॉइलवर चढायला थोडं जास्त पंप करावं लागेल, पण वळणात विंग हाताच्या आवाक्यात राहील.


निवांतवारा:

काय काय मिळालंय इथे! वाळूतली रेघ उद्याच. त्यानंतर पाण्यावर टेकवत टेकवत टो टू हील, आणि फॉइलवर राहूनचा नाद थोडे दिवस बाजूला.

एक छोटी शंका, लीश, म्हणजे विंग सुटून जाऊ नये म्हणून अंगाला बांधायची दोरी. माझी विंगची लीश मनगटाला आहे, पुढच्या हाताच्या. हात बदलले की ती दुसऱ्या हातावरून येते आणि एकदा मानेभोवती पण आली होती. टॅकमध्ये हे जास्त होणार ना?


शिडवाला:

हो, जास्त होणार. जाइबमध्ये विंगला जीव नसतो म्हणून मनगटाची लीश कशीही आली तरी सावरून घेता येते, टॅकमध्ये २०-२५ नॉटचा वारा चालू असताना ती दंडावर किंवा मानेवर आली तर सोडवायला हात मोकळा नसतो. कमरेची लीश घ्या. पट्टा कंबरेवर, लीश पोटाच्या बाजूने वर विंगला, मग दोन्ही हात मोकळे आणि कुठला हात पुढे आहे याच्याशी तिचा संबंधच राहत नाही. पट्टा घेताना क्विक रिलीज आहे का ते बघा, आणि तो ओल्या हाताने, न बघता ओढून सुटतो का ते काठावर एकदा तपासा. लीशची लांबी अशी हवी की हात पूर्ण वर केल्यावर विंगला मागे ओढणार नाही, नाहीतर लीडिंग एजचा कोन बिघडतो आणि कारण हातात शोधत बसता. बोर्डाची लीशही बोर्डापासून कमरेलाच लावा, पायाला लावली तर वळताना मागच्या पायाखाली येते.


फॉइलवाली:

लीशबद्दल अगदी हेच. फक्त एक, कमरेची लीश घेतल्यावर पहिल्यांदा पाण्यावर निघायच्या आधी वाळूतल्या रेघेचा सराव ती लावूनच करा, म्हणजे हात बदलताना ती कोपराच्या आत येतेय की बाहेरून जातेय ते काठावरच कळेल. बाहेरून गेली पाहिजे.